वर्ध्याचा पोरगा, परदेशातलं कॉलेज आणि न लागणारं मन

परवा रात्री हिंगणघाटच्या मित्राच्या पोराचा व्हिडिओ कॉल आला. एका सेमिस्टरसाठी परदेशात गेलाय. तीन आठवडे झालेत. म्हणाला, "काका, इथं मन नाही लागून राह्यलं. वापस येऊ का?" मागे बाप गप्प बसलेला. कर्ज काढून पाठवलंय त्याने.

त्याला मी जे सांगितलं, तेच इथे लिहितोय. कारण ही गोष्ट आपल्या वर्ध्याची आहे आणि मलाही ती चाळिशीनंतर कळली, याची लाज वाटते.

पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म वर्ध्याचा, १८८० च्या दशकातला. पुढचं शिक्षण नागपूरला. डोक्यात स्वातंत्र्याचं वेड. १९०६-०७ च्या सुमारास हा पोरगा जपानमार्गे अमेरिकेत, कॅलिफोर्नियात पोहोचला. सॅन फ्रान्सिस्को तेव्हा १९०६ च्या भूकंपातून सावरत होतं. आशियाई माणसांबद्दल तिथे राग धुमसत होता. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावात लाकडाच्या गिरण्यांतल्या हिंदी मजुरांना जमावाने मारझोड करून हाकलून लावलं. त्या काळातलं हे विद्यार्थीजीवन! ना व्हिडिओ कॉल, ना बँकेचं कर्ज. घरचं पत्र बोटीने यायचं, तेही कित्येक आठवड्यांनी.

मग तो तिथे रुळला कसा? माझ्या मते दोन गोष्टींनी. एक म्हणजे काम. मिळेल ती मजुरी करत शिकायचं, कमीपणा मानायचा नाही. दुसरी म्हणजे माणसं. खानखोजे फक्त शिकलेल्यांच्या कोंडाळ्यात राहिले नाहीत. ओरेगॉनमध्ये कॉर्व्हॅलिसच्या कृषी महाविद्यालयात शिकताना लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांशी त्यांनी नातं जोडलं. भाषा वेगळी, जेवण वेगळं, पण अपमान एकच. त्याच मजुरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या एकीतून १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली. खानखोजे तिच्या पहिल्या फळीतले.

एक गोष्ट मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. लष्करी शिक्षण घ्यायला धडपडलेल्या या माणसाने शेतीचं शिक्षण सोडलं नाही. पहिलं महायुद्ध आलं, इराणपर्यंत धावपळ झाली, बंड फसलं. इंग्रजांच्या नजरेत ते गुन्हेगार. उघडपणे मायदेशी यायची सोय नाही. तेव्हा कामी आलं ते कॉलेजात शिकलेलं. १९२० च्या दशकात ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेती-शाळा काढल्या. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं.

भारतात परत यायला १९४९ साल उजाडलं. पुढे नागपुरात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ ला तिथेच गेले. २०२२ मध्ये लोकसभा अध्यक्षांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. कुठे? मेक्सिकोत!

आपला जिल्हा कापसाचा. कर्जाने खचलेली घरं आपण जवळून पाहिली आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याला शिकवणारा माणूस आपल्याच मातीतला होता आणि त्याच्या उमेदीच्या वर्षांचा फायदा दुसऱ्या देशाला झाला. दोष त्यांचा नाही, गुलामीचा होता. पण आज तर गुलामी नाही ना? मग आपल्या शाळांत हे नाव किती पोरांना माहीत आहे?

मित्राच्या पोराला एवढंच म्हटलं, "खोलीत बसून राहू नको. मेसमध्ये, वर्गात, कामावर कोणाशी तरी बोल. मन आपोआप लागत नसते बाप्पा, लावावं लागते. अन् जे शिकशील ते पक्कं शीक, कुठं कामी येईल सांगता येत नाही."

काल त्याचा मेसेज आला. शेजारच्या खोलीतल्या पोरासोबत त्याने पिठलं-भात केला म्हणे. पिठलं करपलं. पण वापस यायचं काही बोलला नाही.

तुमच्या घरातलं कोणी बाहेर शिकत असेल, तर खानखोज्यांची ही गोष्ट त्याला नक्की सांगा.