ग्रेप, सेड आणि १२ वादग्रस्त निबंध

मंडळी, लॉगमध्ये एरर शोधायला आपण दिवसातून पन्नास वेळा 'ग्रेप' मारतो. पण या कमांडच्या जन्मामागे इतिहासातलं एक कोडं आहे, ठाऊक आहे?

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८ मध्ये 'फेडरलिस्ट पेपर्स' हे ८५ निबंध निघाले. लेखक तिघं: हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. सही मात्र एकच, 'पब्लियस'. त्यातल्या १२ निबंधांचा खरा लेखक हॅमिल्टन की मॅडिसन, हा वाद पुढे रंगला. १९६४ मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस यांनी शब्द मोजून कौल दिला: मॅडिसन! एक पुरावा असा, की एकाच अर्थासाठी हॅमिल्टन 'व्हाइल' लिहायचा, मॅडिसन 'व्हिल्स्ट'.

बेल लॅब्समधल्या ली मॅकमहनला हेच निबंध युनिक्सवर चाळायचे होते. ब्रायन कर्निगन सांगतो, की 'ईडी'ला (धाडी घालणारी नव्हे, टेक्स्ट एडिटर!) एवढा मजकूर पेलवेना. मग केन थॉम्पसनने ईडीतला शोधणारा भाग काढून रातोरात वेगळा प्रोग्रॅम केला. ईडीतली कमांड होती जी/आरई/पी, म्हणजे सगळीकडे पॅटर्न शोध आणि छाप. तेच नाव पडलं. पुढे १९७३-७४ मध्ये मॅकमहनने 'सेड' लिहिला: ओळ वाचा, बदला, पुढे सोडा.

आता गंमत बघा. कुणी तेव्हाच सगळे 'व्हिल्स्ट' बदलून 'व्हाइल' केले असते, तर मॅडिसनचा हा माग कायमचा पुसला गेला असता. साधा सेड मूळ फाइलला हात लावत नाही. आपण '-आय' लावतो, तेव्हा तो नियम मोडतो. तेव्हा एंटर दाबण्याआधी एक कॉपी ठेवाच!