पडद्यावरचा आचारी

आजची गोष्ट सुरू होते फेब्रुवारी १९५३मध्ये, जर्मनीत. महायुद्ध संपून आठ वर्षंही झालेली नव्हती. टीव्हीवर एक गृहस्थ एप्रन बांधून उभे राहिले. कार्यक्रमाचं नाव, आपल्या भाषेत सांगायचं तर, ‘दहा मिनिटांत पानावर या’. गृहस्थांचं नाव क्लेमेन्स विल्मेनरोड. तेही पडद्यासाठी घेतलेलं. खरं आडनाव हान आणि खरा पेशा नटाचा!

स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण काही नव्हतं. भाजलेल्या पावावर हॅम, डब्यातल्या अननसाची चकती, वर चीज, की झाला ‘टोस्ट हवाई’. मुरलेले आचारी नाकं मुरडायचे. पण रेशनवर दिवस काढलेल्या घरांना ती अननसाची चकती म्हणजे परदेशवारीच की! त्यांनी कॉड मासा करून दाखवला आणि बाजारातला कॉड संपला, असं अजून सांगतात.

आपल्याकडे असा घराघरातला चेहरा तयार व्हायला चाळीस वर्षं लागली. १९९३ साली झी टीव्हीवर ‘खाना खजाना’ आला. दिग्दर्शक हंसल मेहता, आणि ओट्यामागे संजीव कपूर. इथे गणित उलटं होतं. विल्मेनरोड नट होते, त्यांना आचारी व्हायचं होतं. कपूर मुंबईच्या मोठ्या हॉटेलातले मुख्य शेफ, त्यांना कॅमेऱ्याशी बोलायला शिकायचं होतं. ते शिकले, आणि फार छान शिकले. ज्या घरांत पुरुष पाणीसुद्धा हाताने घेत नसत, तिथे दिवाणखान्यात बसून सगळे एका पुरुषाला फोडणी घालताना बघू लागले. ही लहान गोष्ट नव्हे.

पण आता बघा, घरातल्या बायकांना हे शिकवणारं आधी कुणी नव्हतं का? कुंडलच्या कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७०चं, म्हणजे मुंबई दूरदर्शनच्याही दोन वर्षं आधीचं. वाटी-चमच्याचं माप देऊन त्यांनी ‘अंदाजाने घाला’ या जाचातून नव्या सुनांना सोडवलं. पुण्यात जन्मलेल्या तरला दलाल १९६६पासून मुंबईत घरीच वर्ग घेत होत्या. टीव्हीवर त्याही आल्या, पण नंतर. बाईने रांधलं तर ते घरकाम आणि पुरुषाने रांधलं तर ती कला, हा हिशेब कॅमेऱ्याने नवा केला नाही. त्याने तो फक्त झगझगीत उजेडात मांडला, असं माझं मत.

इथे देवनहळ्ळीत, विमानतळाच्या आसपास नोकरी करणारी मराठी मुलं-मुली मोबाइल ओट्याला टेकवून आमटी शिकतात. पडद्यावरचा शेफ कुणीही असो, माप मात्र वाटी-चमच्याचंच असतं.

तरला दलालांना पद्मश्री मिळाली २००७ साली, संजीव कपूर यांना २०१७ साली. कमलाबाई १९९९ सालीच गेल्या होत्या.