गिरणीतले गाऱ्हाणे

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापन केली आणि दोन वर्षांनी ताडदेव येथे तिचे चाक फिरू लागले, तेव्हा पेशवाई जाऊन जेमतेम तीन तपे लोटली होती. रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतून पुढील काळात जे सहस्रावधी लोक पोटासाठी या गिरण्यांत आले, त्यांच्या आजे-पणजांनी बांधाचा, वतनाचा किंवा मानपानाचा तंटा गोतसभेपुढे नेलेला होता, तेथे साक्षी दिल्या होत्या आणि निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी कागद, झालेला पाहिला होता. त्या सभेचा न्याय सदैव निर्दोष होता असे कोणी म्हणणार नाही. जातीची उतरंड आणि वतनदाराचे वजन तेथेही होतेच. तथापि तंटा कोठे सांगावा, तो कोणी ऐकावा आणि ऐकल्याची खूण कशी राहावी, याची एक रीत गावाला ठाऊक होती, आणि गिरणीच्या दरवाज्यातून आत शिरताना ती रीत बाहेर राहिली. गिरणीकामगाराच्या मजुरीचा, चाळीतील वास्तव्याचा आणि संपांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. मला येथे त्यातील एकच धागा हाती घ्यावयाचा आहे, आणि तो म्हणजे कामगाराने आपले गाऱ्हाणे सांगावे कोणाला, या प्रश्नाचा.

पहिली कित्येक दशके या प्रश्नाचे एकच उत्तर होते, आणि ते म्हणजे मुकादम. गिरणीच्या बोलीत त्याला जॉबर म्हणत, आणि स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नाईकीण करी. माणूस कामावर घेणे, त्याला साचा नेमून देणे, बिघडलेले यंत्र दुरुस्त करणे, खाडा झाला की बदली उभा करणे आणि मर्जी फिरली की त्याच माणसाला बरखास्त करविणे, ही सारी सत्ता या एका इसमाच्या हाती एकवटलेली होती. शिवाय गावाकडून नव्याने आलेल्याला चाळीत गाळा पाहून देणारा, वाण्याकडे जामीन राहणारा आणि प्रसंगी व्याजाने पैसे देणारा तोच असे. या उपकारांची आणि नोकरीची किंमत म्हणून तो दस्तुरी घेई. यंत्रे जाणणारे अधिकारी पुष्कळदा लँकेशायरहून आलेले, मालक आपल्या पेढीवर, आणि या दोहोंच्या नि कामगाराच्या मध्ये मुकादम, अशी ही रचना असल्यामुळे ज्याच्याविरुद्ध फिर्याद करावयाची, त्याच्याकडेच ती गुदरावी लागे. पगार महिना उलटून गेल्यावर कितीतरी दिवसांनी हाती येई, विणताना कापड खराब झाले की ते विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत मजुरीतून वजा होई, दंडाला मर्यादा नसे. पण यांपैकी कशाचीही दाद लावून घेणारा माणूस गिरणीत नव्हता. मुकादम संतापला म्हणजे मात्र चित्र पालटे, कारण त्याच्या अधिकाराला धक्का लागला की त्याच्यामागे सबंध खाते काम टाकून बाहेर येई. आरंभीच्या अनेक लहान संपांचे मूळ असे एका माणसाच्या रोषात सापडते, आणि त्यामुळे कामगारांचे खरे दुःख त्या रोषाच्या आड झाकून गेले.

ही कोंडी फोडण्याचा पहिला संघटित प्रयत्न नारायण मेघाजी लोखंडे यांनी केला. ठाण्यास १८४८ साली जन्मलेले लोखंडे हे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा भरवून जो अर्ज तयार केला, त्यावर सुमारे ५,५०० सह्या झाल्या. आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत वेतन, या त्यातील मुख्य मागण्या आज वाचताना त्यांची मर्यादशीलता मनाला चटका लावून जाते. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. ज्या गिरणीत स्त्रीला नाईकिणीपुढेही मान वर करण्याची सोय नव्हती, तेथील स्त्री हजारोंच्या समुदायापुढे आपले दुःख स्वमुखाने सांगते, ही घटना मला त्या दिवसाच्या मागण्यांइतकीच मोलाची वाटते. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. लोखंडे यांची बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही आजच्या अर्थाची वर्गणी घेणारी कामगार-संघटना नव्हती. पण मुकादमाला वळसा घालून कामगाराचा शब्द मालकापर्यंत आणि सरकारापर्यंत पोचविणारी ती पहिली वाट होती. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने त्यांचा बळी घेतला आणि ती वाट पुन्हा गवताखाली गेली.

विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले, सूर्यास्ताची नैसर्गिक सीमा नाहीशी झाली आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९११ च्या कायद्याने पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. पण तास मोजून मनातील धग मोजता येत नाही. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणगावाने सहा दिवस हरताळ पाळला, आणि १९१९ च्या जानेवारीत, महायुद्धाच्या महागाईने गांजलेल्या लाखाहून अधिक कामगारांनी काम बंद केले. मनात वर्षानुवर्षे साठलेले गाऱ्हाणे सांगण्यास दुसरे साधन नसले, म्हणजे माणूस हातातील काम थांबवून बोलतो. सामान्यतः संपाला संवादाचा शेवट समजण्यात येते. मुंबईत अनेकदा संवादाचा आरंभच संपाने झाला आहे.

याच सुमारास अहमदाबादेत निराळी घडण होत होती. १९१८ साली प्लेगच्या काळातील बोनस बंद झाल्यावर तेथे जो तंटा झाला, त्यात गांधीजींनी कामगारांची मागणी ३५ टक्के वाढीपुरती निश्चित करून दिली आणि अनसूयाबेन साराभाई यांनी, सख्खा भाऊ मालकपक्षाचा अग्रणी असतानाही, कामगारांची बाजू घेतली. गांधीजींच्या उपोषणानंतर प्रकरण आनंदशंकर ध्रुव यांच्या लवादाकडे गेले आणि त्यांनी ३५ टक्क्यांचा निवाडा दिला. तंटा मिटला तरी दोन्ही पक्षांना उद्या एकाच छताखाली काम करावयाचे आहे, या जाणिवेतून तेथे लवादाची कायम व्यवस्था उभी राहिली. मुंबईत गिरण्या अधिक, मालक अनेक आणि त्यांचे मत विभागलेले. तेथे ही व्यवस्था रुजली नाही. १९२४ च्या बोनसच्या संपात सरन्यायाधीश मॅक्लाउड यांच्या समितीने कामगारांचा बोनसवर कायदेशीर हक्क नसल्याचा निर्णय दिला आणि कामगार रिकाम्या हातांनी परतले. पुढच्याच वर्षी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर झाली, पुन्हा संप झाला, आणि डिसेंबरात सरकारने कापडावरील अबकारी कर स्थगित केल्यावर ती कपात मागे घेण्यात आली.

या सर्व प्रवाहांचा संगम १९२८ च्या सार्वत्रिक संपात झाला. विणकराने दोनांऐवजी तीन साचे सांभाळावेत, अशी पुनर्रचना मालकांनी आरंभिली होती. मालकाच्या दृष्टीने ती परदेशी स्पर्धेत तगण्याची तजवीज होती, आणि कामगाराच्या दृष्टीने तिसऱ्या साच्यावर उभा राहणारा आपला भाऊबंद दारी बसणार होता. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिले. कोकणातली आणि घाटावरची गावे त्या सहा महिन्यांत परतलेल्या चाकरमान्यांनी भरून गेली. श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांचे सहकारी यांची लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन याच संपात जन्मली. तिने गिरणी-गिरणीत कामगारांच्या समित्या नेमल्या, आणि खात्यातली बारीकसारीक तक्रार घेऊन जाण्यास मुकादमाखेरीज दुसरे ठिकाण प्रथमच निर्माण झाले. संपाच्या अखेरीस नेमलेल्या फॉसेट समितीने मजुरीच्या दरांबरोबर कामाच्या नियमावलीचाही खल केला.

परंतु या ऐक्यातही एक मुके गाऱ्हाणे होते. संपलेली कांडी बदलताना विणकर धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घेई, आणि विटाळाच्या कल्पनेमुळे त्या अधिक मजुरीच्या खात्यात अस्पृश्य कामगाराला सहकामगारच प्रवेश करू देत नसत. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे निर्धाराने मांडला. कामाच्या जागेतील संघर्ष मालक आणि मजूर एवढ्याच दोन बाजूंत वाटता येत नाही, हे त्यांनी दाखविलेले सत्य आजही जसेच्या तसे उभे आहे.

यापुढे सरकारने वाट आखण्याचे काम आपल्याकडे घेतले. १९२९ च्या तंट्यांविषयीच्या कायद्याने चौकशी-न्यायालये आली. कामगारांविषयीच्या व्हिटली यांच्या शाही आयोगाने, ज्यात ना. म. जोशी हे सभासद होते, मुकादमाच्या अनिर्बंध सत्तेवर बोट ठेवले; आणि १९३४ साली मुंबई सरकारने तडजोडीचा कायदा करून कामगारांची तक्रार मालकापुढे मांडण्यासाठी कामगार अधिकारी नेमला. भरतीची सत्ता मुकादमाच्या मुठीतून सोडविण्यासाठी पुढच्या वर्षी बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. पगार सात किंवा दहा दिवसांत देण्याचे आणि दंड रुपयामागे अर्ध्या आण्याच्या आत ठेवण्याचे बंधन १९३६ च्या कायद्याने आले. लोखंड्यांच्या अर्जाला बावन्न वर्षांनी मिळालेले ते उत्तर होते. मात्र बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३८ साली तडजोडीचे सारे टप्पे संपेपर्यंत संपास मनाई करणारा कायदा आणला, तेव्हा आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी ७ नोव्हेंबर रोजी एकत्र येऊन त्याविरुद्ध संप केला. गाऱ्हाण्याला रस्ता बांधून देणे आणि त्याच रस्त्यावर जकातीचे नाके बसविणे, या दोन्ही गोष्टी एकाच कलमात कशा बसू शकतात, हा त्यांचा आक्षेप होता.

तो आक्षेप किती खोल होता, हे पुढील काळाने दाखविले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका प्रातिनिधिक संघालाच संपूर्ण धंद्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार दिला. हेतू असा की अनेक मुखांचा गोंगाट टळावा. परंतु कामगारांचा त्या मुखावरील विश्वास उडाला, तर त्यांनी जावे कोठे, याची सोय त्या व्यवस्थेत सहजासहजी सापडत नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार पुढारी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा मजुरीबरोबरच तो कायदा रद्द करा, ही त्यांची मागणी होती. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगे मुके झाले आणि ज्या जमिनीवर सव्वाशे वर्षे साचे खडखडत होते तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या.

१९४७ च्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यासाठी दोन्ही पक्षांच्या समसमान प्रतिनिधींची समिती सांगितली होती, आणि आजच्या कचेऱ्यांतही तक्रारींसाठी अधिकारी नेमलेले असतात. या सर्व योजनांकडे पाहताना मला त्या मुकादमाची आठवण होते, कारण तोही एका अर्थी मालकाने नेमलेला ऐकणारा माणूसच होता. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे आहे त्याच्या मर्जीवाचून ते सांगता येते काय, आणि ऐकल्याची काही खूण मागे राहते काय, हे दोन प्रश्न १८८४ च्या त्या अर्जावर सह्या करणाऱ्यांनी विचारले होते. कोणत्याही कामाच्या जागी प्रथम तेच विचारले पाहिजेत.