नवी मुंबईत गांजाचं दुकान काढायला परवाना मिळतो का?

नाही. कॅनडात २०१८ पासून मौजेसाठी गांजा विकण्याचे परवाने मिळतात. भारतात तशी सोयच नाही. त्यामुळे महापालिका किंवा राज्य उत्पादन शुल्क विभाग असा परवाना देऊ शकत नाही.

गांजा आणि चरस : १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने झाडाचे फुलोरे (गांजा) आणि राळ (चरस) यांवर बंदी आहे. गांजा १ किलोपेक्षा कमी असला तरी १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २० किलोपेक्षा जास्त असेल तर १० ते २० वर्षं सक्तमजुरी आणि किमान १ लाख दंड.

भांग : नुसती पानं एनडीपीएसमध्ये येत नाहीत. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होतो. परवान्याशिवाय भांग बाळगणं, विकणं गुन्हा आहे.

बिया : भांगेच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना एफएसएसएआयने २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. यासाठी अन्न परवाना किंवा नोंदणी लागते. नशा आणणाऱ्या टीएचसीचं प्रमाण मात्र ठरलेल्या मर्यादेतच हवं.

म्हणून ‘गांजाच्या दुकानाचं लायसन्स काढून देतो’ असं सांगत कुणी पैसे मागितले, तर ती फसवणूकच समजा.