समजून घ्या : ॲप दिसायला सुंदर हवं की वापरायला सोपं? आयफोनच्या बदलत्या रूपाची गोष्ट

फोन अपडेट होतो, रोजचं ॲप उघडतं आणि ओळखीचं बटण जागेवर नसतं. नवं रूप छान असतं, पण साधा फोटो पाठवायलाही दोन मिनिटं शोधाशोध करावी लागते. मग सोशल मीडियावर 'आधीचंच बरं होतं' अशा पोस्ट सुरू होतात.

सौंदर्य आणि सोपेपणा यांच्यातली ही ओढाताण डिझाइनच्या क्षेत्रात जुनीच आहे. ती समजून घ्यायला आयफोनचं उदाहरण सोयीचं आहे.

आधी फोन खऱ्या वस्तूंसारखा का दिसायचा?

२००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा बटणांऐवजी काचेवर बोट फिरवणं बहुतेकांसाठी नवं होतं. म्हणून स्क्रीनवरच्या गोष्टींना ओळखीच्या वस्तूंचं रूप दिलं गेलं. नोट्सचं ॲप पिवळ्या कागदाच्या पॅडसारखं होतं, तर पुढे आलेल्या पुस्तकांच्या ॲपमध्ये लाकडी फळ्यांचं कपाट दिसायचं. बटणं उठावदार होती, त्यामुळे ती दाबायची असतात हे सांगावं लागत नसे.

या शैलीला 'स्क्यूओमॉर्फिझम' म्हणतात. काही वर्षांत लोकांना टचस्क्रीनची सवय झाली आणि हीच सजावट जुनाट, जागा अडवणारी वाटू लागली.

२०१३ मध्ये काय बदललं?

सप्टेंबर २०१३ मध्ये 'आयओएस ७' आलं. ॲपलचे डिझाइनप्रमुख जॉनी आइव्ह यांच्या देखरेखीखाली चामडं, लाकूड, सावल्या सगळं गेलं. सपाट रंग, बारीक अक्षरं आणि भरपूर मोकळी जागा आली. याला 'फ्लॅट डिझाइन' म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्येच विंडोज फोनवर असा प्रयोग केला होता.

स्क्रीन स्वच्छ दिसू लागली, पण अडचणीही आल्या. बटणांच्या चौकटी गेल्याने साधा मजकूर कोणता आणि दाबायचा शब्द कोणता, हे ओळखणं अवघड झालं. बारीक अक्षरं वाचताना त्रास होऊ लागला. ॲप उघडताना होणाऱ्या झूमच्या हालचालींमुळे काहींना गरगरल्यासारखं झालं.

ॲपलला थोडं मागे यावं लागलं. 'रिड्यूस मोशन' हा पर्याय सुरू केल्यावर झूम बंद होईल, अशी सोय त्याच वर्षी आली. मार्च २०१४ मधल्या ७.१ आवृत्तीत बटणांना आकार दाखवण्याचा पर्याय मिळाला.

म्हणजे स्क्रीनवरच्या वस्तू कमी केल्या की ॲप आपोआप सोपं होतं, असं नाही. पुढे काय करायचं याचा अंदाज बांधावा लागत नसेल, तरच ते सोपं.

मग सौंदर्य हवंच कशाला?

कारण सुंदर गोष्ट आपल्याला सोपी वाटते. १९९५ मध्ये जपानमध्ये हिताचीच्या मासाआकी कुरोसु आणि काओरी काशिमुरा यांनी एटीएमच्या स्क्रीनच्या २६ वेगवेगळ्या मांडण्या २५२ लोकांना दाखवल्या. दिसायला आकर्षक मांडणी लोकांना वापरायलाही सोपी वाटली, मग ती खरोखर किती सोपी आहे याचा फारसा संबंध नव्हता. इस्रायलमध्ये नोआम ट्रॅक्टिन्स्की यांनी हाच प्रयोग केला, तेव्हा तिथेही हा संबंध दिसला.

सुंदर ॲप विश्वास कमावतं आणि लोक त्यातल्या छोट्या त्रुटी खपवून घेतात. पण ही सवलत पहिल्या भेटीत जास्त चालते. रोज पैसे पाठवायचे, तिकीट काढायचं, तेव्हा काम अडलं की रूप आठवत नाही.

समतोल साधायचे काही नियम आहेत का?

आहेत, आणि त्यातले काही चक्क आकड्यांत आहेत.

• बटणाचा आकार : दाबायची जागा ॲपलच्या मते किमान ४४ बाय ४४ पॉइंट, तर गुगलच्या मते ४८ बाय ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावी. चिन्ह लहान असलं तरी चालेल, पण बोट टेकायला जागा हवी.

• रंगांतला फरक : साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ असावा, असं वेबसाठीचे आंतरराष्ट्रीय सुलभता निकष सांगतात. फिक्या राखाडी रंगातला मजकूर मॉकअपमध्ये देखणा दिसतो, पण भर उन्हात बसस्टॉपवर वाचता येत नाही.

• चिन्हासोबत शब्द : भिंग म्हणजे शोध, हे बहुतेकांना कळतं. पण तीन आडव्या रेषांमागे काय आहे, हे उघडल्याशिवाय कळत नाही. महत्त्वाच्या कामाला चिन्हाखाली शब्द हवाच.

मराठी ॲपमध्ये वेगळं काय?

देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार येतात आणि खाली उकार. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळीत मराठी मजकूर टाकला, तर वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जाऊ शकतो. बारीक फॉन्टमध्ये जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. 'सेव्ह'च्या जागी 'जतन करा' लिहिलं की बटणही रुंद लागतं. त्यामुळे इंग्रजी डिझाइनमध्ये फक्त शब्द बदलून मराठी ॲप तयार होत नाही.

हा वाद संपला का?

नाही. २०२५ मध्ये 'आयओएस २६'सोबत ॲपलने 'लिक्विड ग्लास' ही काचेसारखी पारदर्शक शैली आणली. मागचं चित्र बटणांतून झिरपतं आणि मजकूर नीट वाचता येत नाही, अशी टीका झाली. २६.१ आवृत्तीत पारदर्शकता कमी करणारा 'टिंटेड' पर्याय देण्यात आला. बारा वर्षांपूर्वीचीच गोष्ट पुन्हा घडली.

तुम्ही काय करू शकता?

आयफोनच्या सेटिंग्जमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये ठळक अक्षरं, वाढीव कॉन्ट्रास्ट, कमी पारदर्शकता आणि कमी हालचाल हे पर्याय मिळतात. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्येही अक्षरांचा आकार वाढवता येतो आणि ॲनिमेशन बंद करता येतं. घरातल्या ज्येष्ठांना फोन वापरणं जड जात असेल, तर नवा फोन घेण्याआधी या सेटिंग्ज बदलून पाहा.

स्वतः ॲप बनवत असाल तर ते आधी कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्या, एक काम सांगा आणि गप्प बसा. त्याचं बोट जिथे थबकेल, तिथे डिझाइन सुधारायला हवं.