आज्ञेवांचून पार पडलेली सफर

शिपाईबाणा म्हणजे आज्ञापालन, असें आपण सामान्यतः समजतों. आमच्या बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवचे अविनाश साबळे महार पलटणींत शिरले, सियाचीनच्या बर्फांत राहिले, आणि २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें अडथळ्यांच्या शर्यतींत त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. परंतु त्यांच्या पाठीशीं पलटण होती. ती सुटल्यावर या चिकाटीचें काय होतें?

याचें उत्तर आम्हांस आरमारांतील अभिलाष टॉमी यांच्या चरित्रांत सांपडतें. २०१२-१३ मध्यें गोव्यांत बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेंतून, मुंबईहून निघून, कोठेंहि न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. पण ती आरमाराची मोहीम होती. २०१८ च्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतींत दक्षिण हिंदी महासागरांतील वादळानें त्यांची डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्यास जबर इजा झाली. तीन दिवसांनीं 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानें त्यांस वांचविलें.

२०२१ मध्यें त्यांनीं आरमार सोडलें. आतां 'जा' म्हणणारा वरिष्ठ नव्हता, आणि 'नको' म्हणावयास दुखावलेलें शरीर होतें. तरीहि सप्टेंबर २०२२ मध्यें ते त्याच शर्यतीस निघाले. आधुनिक दिशादर्शक यंत्रें तेथें वर्ज्य. वाट सूर्यताऱ्यांवरून काढावयाची. २३६ दिवसांनीं, एप्रिल २०२३ मध्यें, ते दुसरे आले.

दुसऱ्याची आज्ञा पाळतां पाळतां मनुष्य स्वतःस आज्ञा करूं लागतो, तेव्हांच त्याचें सैनिकी शिक्षण पुरें होतें. निवृत्त होऊन गांवीं परतणाऱ्या शिपायाचें आयुष्य संपलें असें मानणें म्हणूनच आम्हांस रास्त वाटत नाहीं.