दिनविशेष : १५ सप्टेंबर १९४४ – पेलेलिऊवर चढाई

पॅसिफिकमधल्या पलाऊ द्वीपसमूहातील पेलेलिऊ या जेमतेम १३ चौरस किलोमीटरच्या बेटावर अमेरिकी मरीन सैनिक या दिवशी उतरले. जनरल मॅकआर्थर यांच्या फिलिपिन्स मोहिमेची बगल सुरक्षित राहावी म्हणून तिथली धावपट्टी हवी होती. दोनच दिवस आधी अ‍ॅडमिरल हॅल्सी यांनी हे बेट वगळण्याचा सल्ला दिला होता. पण जहाजे निघाली होती. पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख निमिट्झ यांनी सल्ला नाकारला.

तीन-चार दिवसांत आटोपेल, असे मरीन डिव्हिजनचे सेनापती रूपर्टस यांचे भाकीत. लागले अडीच महिने. जपानी कर्नल नाकागावा यांनी किनाऱ्यावर आत्मघातकी हल्ल्यांत माणसे उधळली नाहीत. सुमारे दहा हजारांची शिबंदी प्रवाळखडकांतल्या शेकडो गुहांत दडवली. वर चाळिशीपार उकाडा, आणि मरीनांना पिण्याचे पाणी आले ते नीट न धुतलेल्या तेलाच्या पिंपांतून. ते प्यायलेल्यांना ओकाऱ्या झाल्या. आराखड्यात पिंप धुण्याचा रकाना बहुधा नसावा!

एवढे करून फिलिपिन्सच्या लढाईत या धावपट्टीचा उपयोग बेताचाच झाला. जपानने मात्र गुहांचा हा डाव इवो जिमा आणि ओकिनावात पुन्हा टाकला. १८ जून १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी जपानच्या क्यूशू बेटावरील स्वारीबद्दल सेनाधिकाऱ्यांशी खल केला, तेव्हा चर्चेत इवो जिमा-ओकिनावावरचेही मृतांचे-जखमींचे आकडे होते. ही स्वारी टाळण्यासाठी अणुबाँब टाकणे अपरिहार्य होते का, हा वाद आजही याच आकड्यांपाशी अडतो.

पेलेलिऊवरचे अखेरचे ३४ जपानी सैनिक शरण आले ते १९४७च्या एप्रिलमध्ये.